पुंगळीचा गळा

चिंचेच्या कोळाने घासलेले ओले पितळ उन्हात सुकू लागले की त्याला एक वास येतो. आंबट, थंड, आणि तळाशी काहीसा रक्तासारखा. जिभेवर नाणे ठेवून पाहणाऱ्या मुलांना तो ठाऊक असतो. भाईंदर पश्चिमेला, आमच्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर, रविवारी सकाळी हा वास प्रमिलाताईंच्या दारातून बाहेर येई आणि जिन्यात रेंगाळत राही. कुणाकडची हिंगाची फोडणी, कुणाकडची उदबत्ती, वारा खाडीकडून असला तर मिठागरांच्या चिखलाचा उग्र दर्प. या सगळ्यांत तो निराळा ओळखू येई. अजूनही पितळेचे काही हातात घेतले की तळव्याला लागलेला वास मी नकळत नाकाशी नेते, आणि प्रमिलाताई सोनवणे माझ्यासमोर उभ्या राहतात.

पितळ त्यांच्याकडे फार नव्हते. वीतभर उंचीची एक बुद्धमूर्ती, तिच्यासमोर मेणबत्त्या लावायची दोन घरे, आणि आईकडून आलेला एक तांब्या. पण एवढेच त्या असे घासत की जणू दुपारी कोणी तपासायला येणार आहे. तपासणे हा त्यांचा पेशा होता. पुण्याकडच्या एका सरकारी दारूगोळा कारखान्यात, रायफलची काडतुसे जिथे तयार होतात त्या विभागात, त्या तपासणीला होत्या. मूळच्या लातूरकडच्या. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा मिलिंद शिकला, नोकरीला लागला, त्याने भाईंदरला हे घर घेतले, निवृत्त झालेल्या आईला आणून त्यात ठेवले आणि मग स्वतः अमेरिकेला गेला.

“घर त्याचं, राखण माझी,” असे त्या सांगत. सांगताना आवाजात तक्रार नसे. बदलीची जागा सांगावी, तसे सांगत.

बुटक्या, ताठ, फिकट रंगाच्या सुती साड्या नेसणाऱ्या. हातात बांगडी नसे, कारण कारखान्याच्या फाटकावर धातूची प्रत्येक वस्तू उतरवून आत जायची सवय इतक्या वर्षांनी सुटण्यासारखी नव्हती. त्यांच्याकडे पाहताना डोळा मात्र थांबे तो उजव्या अंगठ्यावर. रुंद, चपटा, नख जवळपास सपाट झालेले, आणि टोकाची कातडी टाचेसारखी राठ. या अंगठ्याने त्या जगाशी ओळख करून घेत. आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा बसण्याआधी त्यांनी खुर्चीची पाठ दाबली, चहा झाल्यावर साखरेच्या डब्याचे झाकण दाबले, आणि जाताना दाराच्या कडीवर अंगठा टेकवून क्षणभर थांबल्या.

“काय ताई, झालं का आमचं घर पास?” माझ्या नवऱ्याने विचारले.

“नापास नाही झालं, एवढंच,” त्या म्हणाल्या. “पास वगैरे मी कुणाला करत नाही.”

तो हसला. त्या हसल्या नाहीत. विनोद केला आहे असे त्यांना वाटलेच नव्हते.

दर शुक्रवारी उत्तनहून लुसीबाय मासळी घेऊन येई आणि आमच्या फाटकाशी टोपली उतरवी. तिची आणि प्रमिलाताईंची भेट ऐकण्यासाठी मी मुद्दाम खाली जात असे. प्रमिलाताई पदर खोचून उकिडव्या बसत आणि एकेक पापलेट अंगठ्याने दाबून पाहत. कल्ला उघडून पाहत नसत, वास घेत नसत. फक्त दाबत, बोट उचलत, आणि मांस वर येते का ते पाहत.

“किती दाबशील गो बाय? पापलेट हाय, दाराची घंटी न्हाय!”

“घंटी दाबली की आवाज येतो. हे गप्प आहे म्हणून तर दाबायलेय.”

“गप हाय कारन मेलेला हाय!”

“कधी मेलंय, तेच विचारायलेय त्याला.”

लुसीबाय कपाळाला हात लावी. पण पुढे पुढे ती स्वतःच दोन मासे पानाखाली झाकून आणू लागली. “ही तुझ्या अंगठ्यासाठी,” म्हणून काढून दाखवी, आणि प्रमिलाताई तेही दाबून पाहत.

गच्चीच्या जिन्याचा कठडा हलत होता, तेव्हाची गोष्ट. सोसायटीचे सेक्रेटरी शहाभाई यांनी तो दुरुस्त करून घेतला असे बैठकीत जाहीर झाले. काम खरोखर देखणे दिसत होते. काळा रंग, त्यावर चकाकी. प्रमिलाताई बैठक चालू असताना उठल्या, वर गेल्या, आणि परत येऊन म्हणाल्या, “हिलता है.”

“मॅडम, अभी तो कलर सूखा भी नहीं,” शहाभाई वैतागले. “आपको तो सब ढीला ही दिखता है!”

“दिखता नहीं, शहाभाई. दिखने में एकदम टाइट है. लगता है. इसको.” आणि त्यांनी अंगठा वर केला. बैठकीतल्या सगळ्यांना तो शाबासकीचा अंगठा वाटला आणि कुणीतरी टाळीही वाजवली. शहाभाईंनी मात्र दुसऱ्या दिवशी वेल्डरला बोलावले. नंतर ते जिन्यात भेटले की आपणहून विचारीत, “सोनवणे मॅडम, आज कुछ ढीला?”

मला त्यांच्याकडे ओढून नेले ते त्यांच्या शब्दांनी. कवितेच्या संगतीत वाढलेल्या माणसाला दुसऱ्याच्या कामाचे शब्द ऐकताना एक लोभ सुटतो. एकदा टीव्हीवरच्या बातमीत “घटनास्थळी गोळ्या सापडल्या” असे वाक्य आले, आणि त्या टीव्हीलाच म्हणाल्या, “गोळ्या नाही. पुंगळ्या.” मग मला समजावून सांगू लागल्या. अख्ख्या वस्तूला म्हणायचे काडतूस. पितळेची नळी ती पुंगळी. तिच्या बुडाला ठिणगी देणारी टोपी, पोटात दारू, आणि वरच्या तोंडात घट्ट बसवलेली गोळी. उडते ती फक्त गोळी. पुंगळी रिकामी होऊन खाली पडते.

“आणि गळा,” त्या म्हणाल्या. उठून स्वयंपाकघरातून तेलाची काचेची बाटली घेऊन आल्या. “रायफलची पुंगळी अशी असते. अंग जाड, मग खांदे, मग हा बारका गळा. गोळी या गळ्यानं धरलेली असते. सगळ्यांचं लक्ष तोंडाकडं जातं. पण धरतो गळा.”

ही बाटली हातात घेऊन त्या बोलत होत्या तेव्हा त्यांचा अंगठा काचेच्या गळ्यावरून वरखाली फिरत होता. एखादी बाई लहान मुलाच्या मानेवरून हात फिरवते तसा.

“तुम्ही कधी उडवलंत?” मी विचारले.

“छे! आयुष्यभर बनवली. एक नाही उडवलं. आवाज सहन होत नाही मला.”

मिलिंदचा फोन रविवारी येई. त्याची शनिवारची संध्याकाळ, यांची रविवारची सकाळ. पितळ घासून झालेले असे आणि ओल्या हातांनी त्या फोन समोरच्या तांब्याला टेकवून ठेवत. मी बऱ्याचदा तिथेच असे. हवा कशी आहे, जेवलास का, गुडघा कसा आहे, औषध घेतेस का. पाच वाक्यांची ये-जा झाली की दोघांपैकी कुणीतरी “बरं मग” म्हणे. त्यांचे भांडण नव्हते. एकमेकांना सांगण्यासारखे काही उरले नव्हते, इतकेच.

मग त्याने तिथे नेमबाजीचा क्लब धरला. पिस्तूल घेतले. आणि एका रविवारी, हवेचे बोलून झाल्यावर, त्याने सांगितले की काडतुसे विकत घेणे परवडत नाही म्हणून तो ती आता घरीच भरतो. वापरलेल्या पुंगळ्या गोळा करायच्या, त्यांना पुन्हा मापात आणायचे, नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी. तो राहतो तिथे हे कायद्याला धरून होते. बरेच हौशी लोक करतात म्हणे.

“घरी म्हणजे कुठं?” त्यांनी विचारले.

“गॅरेजमध्ये. हे बघ ना, टेबल केलंय.”

“मागं ते पांढरं काय दिसायलंय?”

“वॉशिंग मशीन.”

प्रमिलाताईंनी डोळे मिटून घेतले. “अरे, आम्हाला आत जाताना केसातली पिन काढायला लावायचे,” त्या म्हणाल्या. “आणि तू मोज्यांच्या शेजारी दारू भरायलास?”

पण त्या रविवारी “बरं मग” लवकर आले नाही. नंतरच्याही रविवारी नाही. मुलगा विचारी, आई सांगे. लहानपणी “आई, आज काय बनवलं?” असे त्याने विचारले की त्या “पितळ” एवढेच उत्तर देत. कारखान्यातले बोलायची मुभा नव्हती. आता तोच मुलगा त्यांना टोपी किती खोल बसावी ते विचारत होता, आणि त्या पदराने हात पुसत, पुढे वाकून, पडद्यावरच्या त्या धुरकट पितळाकडे पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतके सुख मी त्याआधी पाहिले नव्हते.

त्यातल्याच एका रविवारी तो म्हणाला, “आई, गोळी ढिली बसतीय गं.”

“दाबून दाखव.”

त्याने काडतूस उभे धरले आणि गोळीचे टोक टेबलाच्या कडेवर दाबले. गोळी पुंगळीत आत सरकली. जराशीच. पण पडद्यावरही दिसण्याइतकी.

त्या ताठ झाल्या. मला नंतर त्यांनी कारण समजावले. पिस्तूल एक काडतूस उडवते आणि पुढचे काडतूस स्वतःच आत ढकलते, धडक देऊन. त्या धडकेत ढिली गोळी मागे सरकली तर दारूची जागा कमी होते. दारू तेवढीच, जागा कमी. मग पेटल्यावर जोर कितीतरी वाढतो, आणि तो जोर पुढे जायचा सोडून पिस्तूलच फोडतो. ते पिस्तूल तेव्हा कुणाच्या तरी मुठीत असते.

त्या वेळी मात्र त्या मुलाला एवढेच म्हणाल्या, “गळा आवळ.” तेवढ्यात त्याच्याकडे कुणीतरी आले. “हो, कळलं,” असे म्हणून त्याने फोन ठेवला.

पुढच्या रविवारी तो हसतच समोर आला. पण हसू कसनुसे होते. “आई, तू सांगितलंस तसं केलं. आवळला. तर आणखीच ढिल्या झाल्या.”

“कुठं आवळलास?”

“तोंडाशी. जेवढं होईल तेवढं. अख्खा डबा भरलाय तसा.”

“तोंडाशी कशाला? मी गळा म्हणाले.”

“अगं आई, पिस्तुलाच्या पुंगळीला गळाच नसतो! सरळ नळी असते, स्टीलच्या ग्लाससारखी. मला वाटलं तू तोंडालाच गळा म्हणतेस.”

प्रमिलाताईंनी उजवा हात उचलून स्वतःच्या गळ्याशी नेला आणि तिथेच ठेवला.

आयुष्यभर त्यांनी रायफलची पुंगळी हाताळली होती. बाटलीसारखी. गोळीला धरणाऱ्या त्या बारक्या भागाला त्या विभागात सगळे गळा म्हणत, आणि ‘गळा आवळ’ म्हणजे पुंगळी गोळी बसवण्याआधीच नीट बारीक कर, असा अर्थ तिथल्या कुठल्याही बाईला कळला असता. मुलाच्या हातात मात्र सरळ नळी होती. गळा शोधायला गेला, मिळाला नाही, म्हणून त्याने गोळी बसवून झाल्यावर तोंड आवळले. एकच मराठी शब्द, एकाच घरातली दोन माणसे.

“तोंड आवळल्यावर घट्ट व्हायला हवी ना?” फोन झाल्यावर मी विचारले. मला खरोखरच कळले नव्हते.

“हात द्या,” त्या म्हणाल्या. त्यांनी माझे मनगट धरले आणि जोरात आवळून एकदम सोडले. त्यांची बोटे आपसूक उघडली. माझ्या मनगटावर मात्र पांढरे खळगे राहिले. “पितळ म्हणजे माझी बोटं. दाबलं की थोडं परत उघडतं. आत गोळीचं शिसं म्हणजे तुमचं मनगट. दबलं ते दबलंच. आता माझ्या बोटांत आणि तुमच्या मनगटात फट पडली की नाही?”

मनगटावरचे खळगे हळूहळू भरून येताना मी पाहत राहिले. त्या पाहत नव्हत्या.

“माझ्या शब्दानं डबाभर फट पाडली त्यानं,” त्या म्हणाल्या.

मुलाला शनिवारी क्लबची स्पर्धा होती. तो डबा त्यासाठीच भरला होता. त्या आठवड्यात त्यांनी रविवारची वाट पाहिली नाही. सोमवारी सकाळी स्वतःच फोन लावला, आणि मला बोलावून घेतले. “तुम्ही समोर बसा. मी कुठला शब्द कारखान्यातला वापरला, की थांबवा मला,” असे त्यांनी मला बजावले. माझ्या आयुष्यात भाषेचे याहून जबाबदारीचे काम मला कुणी दिलेले नाही. मी दोनदा थांबवले. एकदा ‘भट्टीचा माल’ म्हणाल्या तेव्हा, एकदा पुन्हा गळा म्हणाल्या तेव्हा.

गोळी मुळात ढिली का बसते याचा शोध त्यांनी सुरू केला तो उलट्या बाजूने नव्हे, अगदी पहिल्या पायरीपासून. “एक रिकामी पुंगळी घे. टोपी नको, दारू नको. मापात आणायच्या साच्यातून काढ. आता गोळी तिच्या तोंडावर ठेव. जाते आत?”

“नाही. वरच बसलीय.”

“म्हणजे साचा बरोबर आहे, पुंगळीही बरोबर आहे. आता पुढं काय करतोस?”

“मग तोंड जरा उघडायचं असतं, गोळी सरळ बसावी म्हणून. त्याचा एक दांडा असतो.”

“उघड. आता ठेव गोळी.”

टक्, असा बारीक आवाज आला. गोळी आपल्याच वजनाने आत पडली होती.

“तो दांडा कुठला?”

कुणाकडून तरी जुना मिळालेला, मिलिंद म्हणाला. त्याने तो व्हर्नियरने मोजला, मग गोळी मोजली. तो दांडा जाड, निव्वळ शिशाच्या गोळ्यांसाठी होता. त्याच्या गोळ्या तांब्याचा पत्रा चढवलेल्या, किंचित सडपातळ. फरक केसाएवढा. तेवढ्या केसाने पुंगळी आतून रुंद होत होती. मग ती गोळीला धरणार कशाने? आणि सैल झालेली पुंगळी तोंडाशी कितीही आवळली, तरी ती धरत नाही.

“सापडलं!” तो ओरडला. “आई, तू ग्रेट आहेस. दुसरा दांडा आणतो.”

“आण. आणि तो डबा मोड.”

मोडायचे म्हणजे भरलेले काडतूस परत सुटे करायचे. गोळी बाहेर, दारू बाहेर. त्यासाठी हातोडीसारखे एक हत्यार असते, त्यात एकेक काडतूस अडकवून आपटत बसावे लागते. कंटाळवाणे काम.

“अख्खा डबा? आई, शनिवारी मॅच आहे. हात मोडून जाईल माझा आपटून आपटून.”

“दुखू दे. दुखलेला बरा.”

“सगळ्या ढिल्या नाहीयेत गं. मी एकेक दाबून बघतो. घट्ट असतील तेवढ्याच घेतो. तूच म्हणतेस ना नेहमी, दाबून बघ?”

त्यांनी फोनकडे पाहिले. मग आपल्या अंगठ्याकडे. जन्मभर ज्याच्यावर भिस्त ठेवली तोच अंगठा मुलाने त्यांच्याविरुद्ध साक्षीला उभा केला होता.

“मिल्या, नीट ऐक,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “अंगठा नापास करायला असतो. पास करायला नसतो. तुझ्या अंगठ्याला जे आज घट्ट लागेल, ते दोन धडका खाऊन ढिलं होईल. सगळ्यांना एकच दांडा लागलाय. एक ढिलं निघालं की लॉट मोडायचा. निवडत बसायचं नाही.”

“बघतो,” तो म्हणाला.

“बघतो नको.”

“बघतो ना आई. आता बाहेर निघायचंय. बरं मग.”

त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. रागावला होता, की खजील झाला होता, की नुसताच कामात होता, हे कळायला मार्ग नव्हता. याच आठवड्यात त्यांची निघायची तयारी चालू होती. गुडघ्यांनी दगा दिला होता, लिफ्ट आठवड्यातून एकदा बंद पडे, आणि लातूरला धाकट्या बहिणीचे घर तळमजल्यावर होते. शनिवारी सकाळी निघायचे कधीच ठरले होते. मी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होते आणि त्या मधूनमधून फोन उचलून त्यावर निरोप बोलून ठेवत होत्या. त्यांतला एक माझ्यासमोर बोलल्या. स्वर असा, की एखाद्या सुट्या भागाचे वर्णन चालले आहे.

“मिलिंद, आई बोलतेय. शब्द माझा चुकला. गळा म्हणायला नको होतं, तुझ्या नळीला गळा नाही. त्यात तुझी चूक नाही. मी रागावलेली नाही. तुला रागवायचं तर रागाव, फोन नको उचलू. पण तेवढा डबा मोड.”

फोन ठेवून त्यांनी बुद्धमूर्ती उचलली, पुसली, जुन्या मऊ साडीत गुंडाळली, आणि गाठ मारल्यावर ती अंगठ्याने दाबून पाहिली नाही. त्या आठवड्यात त्यांनी काहीच दाबून पाहिले नाही. शुक्रवारी लुसीबायने दोन पापलेटे काढून दिली, ती तशीच घेतली. लुसीबायने माझ्याकडे पाहिले. “काय झालाय हिला?” मी सांगितले, मुलाची काळजी आहे. “पोरगा कुठं हाय?” “अमेरिकेत.” ती टोपलीत वाकली, आणि सुक्या बोंबलांची एक जुडी कागदात बांधून प्रमिलाताईंच्या पिशवीत सरकवली.

मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. मोठा मुलगा आहे, शिकलेला आहे, धोका कळतो त्याला. “कळतो हो,” त्या म्हणाल्या. “आमच्या विभागातसुद्धा सगळ्यांना कळायचा. पण महिनाअखेर आली की जो तो म्हणायचा, हा एक लॉट जाऊ द्या बाई, वरून दिसतोय की छान. दिसतो छान. मी कधी जाऊ नाही दिला.” मग थोड्या वेळाने, “तिथं सही माझी होती. इथं काय आहे माझं?”

त्या निघाल्या त्या सकाळनंतर प्रमिलाताई मला दिसल्या नाहीत. लातूरहून फोन येत, पहिल्यांदा पुष्कळ, मग कमी. आणि मागच्या वर्षी त्यांच्या बहिणीचा आला. म्हणून ती शेवटची सकाळ मी जशीच्या तशी जपली आहे.

शनिवार. ऊन अजून कोवळे होते. फाटकाशी भाड्याची गाडी उभी होती, टपावर खोकी बांधलेली. रात्री कुणीतरी अंगण धुतले असावे, ओल्या सिमेंटचा थंड वास येत होता, आणि त्यात त्यांच्या पिशवीतल्या बोंबलांचा. ड्रायव्हर नाक वळवून म्हणाला, “अम्मा, ये डिक्की में रख दूँ?” त्या म्हणाल्या, “रख दो. बदबू नहीं है, बिदाई है.” शहाभाई लेंगा-गंजीवरच खाली आले होते. “सोनवणे मॅडम, अब हमारा ढीला कौन पकड़ेगा?” त्यांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता चष्मा पुसू लागले.

त्या मागच्या सीटवर बसल्या. फोन मांडीवर, पडदा वर करून. त्याच्याकडे अजून शुक्रवारची संध्याकाळ होती. स्पर्धा त्याची सकाळ झाल्यावर. मी खिडकीशी वाकून उभी होते.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली आणि मांडीवरचा फोन थरथरला.

त्यांनी तो कानाला लावला. “हं,” म्हणाल्या. मग ऐकत राहिल्या. पलीकडचे मला शब्द कळत नव्हते. पण त्या आवाजामागे, ठरावीक अंतराने, काहीतरी लाकडावर आपटत असल्यासारखे ऐकू येत होते. मग तेही थांबले. “हात दाखव,” त्या म्हणाल्या. फोन कानावरून काढून समोर धरला, आणि पडद्यावर बघत राहिल्या. फोड आलेला एक तळवा, त्याच्या खाली वाटीत चमकणाऱ्या सुट्या गोळ्या, मला कडेने तेवढेच दिसले. “पाण्यात धर,” असे त्याला सांगून त्यांनी फोन बंद केला.

गाडी हलली होती. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, माझे मनगट धरले, डोळे भरून आलेले, चेहरा नेहमीसारखाच सरळ, आणि म्हणाल्या,

“सगळी मोडली.”